रोजच्या बोलण्याचे मोजमाप

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक बोलतात, हा समज सर्वदूर रूढ आहे. २००६ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ लुआन ब्रिझेन्डाइन यांच्या पुस्तकात त्याला आकड्यांचे बळ मिळाले : स्त्री दिवसाकाठी २० हजार शब्द बोलते, पुरुष अवघे ७ हजार. या आकड्यांना प्रत्यक्ष मोजमापाचा आधार मात्र नव्हता. तो पुरवला अॅरिझोना विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मथियास मेहल यांनी.

मूळचे जर्मनीचे असलेले मेहल यांनी टेक्सास विद्यापीठात जेम्स पेनेबेकर यांच्यासह एक पद्धत विकसित केली. माणूस काय बोलला, हे त्याला नंतर विचारले तर उत्तर विश्वासार्ह नसते; समोर बसून ऐकले तर तो सावध होतो. म्हणून सहभागी व्यक्तीजवळ एक छोटे ध्वनिमुद्रक यंत्र दिले जाते. ते दिवसभरात ठरावीक अंतराने काही सेकंद आपोआप सुरू होते. केव्हा, हे त्या व्यक्तीला कळत नाही. नको असलेला भाग संशोधकांनी ऐकण्यापूर्वी पुसून टाकण्याची मुभा तिला असते.

या पद्धतीने ३९६ विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००७ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यार्थिनी दिवसाला सरासरी १६,२१५, तर विद्यार्थी १५,६६९ शब्द बोलत. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य होता.

तथापि, सहभागी सारे विद्यार्थीच, हा आक्षेप उरला होता. २०२५ साली मेहल व सहकाऱ्यांनी २,१९७ जणांच्या ध्वनिमुद्रणांवरून तो प्रश्न पुन्हा तपासला. २५ ते ६४ या वयोगटात स्त्रिया सुमारे २१,८००, तर पुरुष सुमारे १८,६०० शब्द बोलत असल्याचे दिसले. अन्य वयोगटांत ठळक फरक आढळला नाही. मुलांच्या संगोपनाचा भार हे याचे एक कारण असू शकेल, असा संशोधकांचा कयास आहे. व्यक्ती-व्यक्तींमधील तफावत मात्र याहून कितीतरी मोठी होती : कोणी दिवसाला शंभर शब्दही बोलत नव्हते, तर कोणी लाखाहून अधिक.

स्वतःचे निष्कर्ष पुन्हा पारखण्याची ही वृत्ती त्यांच्या अन्य कामातही दिसते. समाधानी माणसे वरवरच्या गप्पा कमी आणि अर्थपूर्ण संभाषण अधिक करतात, असे २०१० साली ७९ विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून आढळले होते. २०१८ साली ४८६ जणांच्या पाहणीत त्याचा उत्तरार्ध टिकला. वरवरच्या गप्पांचा असमाधानाशी संबंध मात्र आढळला नाही. हवापाण्याच्या चौकशीवरचा ठपका अशा रीतीने दूर झाला.