फिरता श्रोता आणि त्याचे कान

चालता-फिरता गाणं ऐकायला चांगला इअरफोन कोणता, हा प्रश्न हल्ली आम्हाला तरुणांपेक्षा आमच्याच वयाची मंडळी जास्त विचारतात. दुकानात जाण्याआधी आपण थोडं इतिहासात डोकावू.

१८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचावरचं गाणं तारेने दूरच्या दालनात आणलं. लोकांनी दोन्ही कानांना एकेक टेलिफोन लावून ते ऐकलं. १९१० मध्ये अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन यांनी आरमाराला हेडफोन पुरवले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी घरात स्टीरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन आणले. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. श्रोता एका जागी आहे, भोवताल त्यामानाने शांत आहे.

श्रोता हलू लागला आणि खरी अडचण आली. ती कुठे जाणवली, तर विमानात! १९७८ मध्ये झ्युरिचहून परतताना अमर बोस यांना विमानातल्या हेडफोनवर संगीत नीट ऐकू येईना, इंजिनाची घरघर मध्ये येई. बोस यांचे वडील बंगालमधले, बरं का. त्याच सुमारास सोनीचे मासारू इबुका यांनाही विमानप्रवासात ऐकण्याजोगं छोटं यंत्र हवं होतं. अडचण विमानातलीच, पण उत्तरं दोन निघाली.

इबुकांच्या मागणीतून १ जुलै १९७९ रोजी वॉकमन बाजारात आला. तोवरचे हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे असत. वॉकमनसोबतचा जेमतेम ५० ग्रॅमचा होता. कानावर नुसता फोम टेकलेला, त्यामुळे बाहेरचं जग ऐकू येई. एवढंच नव्हे, तर त्याला दोन हेडफोनांची सोय होती, आणि एक बटण दाबलं की गाणं हळू होऊन शेजारच्याशी बोलता येई. एकटं ऐकणं म्हणजे इतरांशी उद्धटपणा, ही अकिओ मोरिता यांची शंका त्यामागे होती. पुढच्या यंत्रांतून ते बटण गेलं. लोकांना एकट्यानेच ऐकायचं होतं!

बोस यांचं उत्तर निराळं. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याची उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना पुसतात. १९८९ मध्ये वैमानिकांसाठी हे विक्रीला आलं. एकसुरी घरघर याने छान कमी होते, पण अचानक आलेली हाक किंवा हॉर्न तितका जात नाही.

आता आपल्याकडे या. लोकलमध्ये कुणी विलंबित ख्याल ऐकतोय. गाडीच्या खडखडाटात आधी तानपुरा बुडतो, मग डग्ग्याचा घुमारा. ऐकणारा काय करतो? आवाज वाढवतो. इअरफोन वाईट नसतो, खडखडाट आत येत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. आणि अंतर्कर्णातल्या केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. चष्म्यासारखा नंबर बदलून भागत नाही हो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की किमतीआधी जागा ठरवा. रेल्वे-विमानासाठी कानात घट्ट बसणारा घ्या. सोबतच्या लहान-मोठ्या रबरी टोप्या सगळ्या लावून पाहा. फट राहिली तर खर्ज निसटतो आणि महागडा इअरफोनही किरटा वाजतो. जमल्यास आवाज पुसणारा घ्या. रस्त्यावर चालायचं असेल, तर मात्र कान उघडा ठेवणाराच बरा, मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे. आणि पारखताना ओळखीचं ध्वनिमुद्रण लावा. कमी आवाजातही तानपुरा सलग ऐकू आला, तर तो इअरफोन तुमच्या कामाचा.

मोरितांची शंका मात्र अजून शिल्लक आहे. शेजारच्याने हाक मारली तर ती आपल्यापर्यंत पोचायला हवी की नको? प्रत्येक खरेदीत आपण याचंही उत्तर देत असतो. त्यावर आता तुमची मतं ऐकायला आवडेल.