'कास्ट' परदेशी, मग जात कोणाची?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया तयार करणाऱ्या कामगाराला 'कास्टिंग' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याचाच मुलगा अ‍ॅडमिशनच्या दिवसांत 'कास्ट' काढायला सेतू केंद्राच्या रांगेत उभा असतो. मराठीत दोन्ही 'कास्ट' सारखेच लिहितो. इंग्रजांचेही बराच काळ तसेच चालले होते. जातीच्या शब्दाला शेवटी 'ई' जोडण्याची रीत १८०० च्या सुमारास रुळली.

पण दोघांचे कूळ वेगळे. साच्यात ओतणे, मत टाकणे, नाटकातला पात्रवर्ग हे सारे अर्थ जुन्या नॉर्स भाषेतल्या 'फेकणे' या क्रियापदातून निघाले. जातीचा 'कास्ट' आला पोर्तुगीज 'कास्ता'वरून. कास्ता म्हणजे वंश, वाण, जनावराची पैदास. त्याचे मूळ 'शुद्ध' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे असे पूर्वी सर्रास सांगत. आज काही भाषातज्ज्ञांना ते पटत नाही.

इथे एक व्हॉट्सअ‍ॅपी इतिहास भेटतो: शब्द परदेशी, म्हणजे जातही परकीयांनी आणली!

मित्रांनो, तारखा पाहा. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्यात तो लिहितो की इथे बापाचा धंदा कोणी सोडत नाही, आणि चांभारांची एकच 'कास्ता' असते. १५६७ च्या गोव्यातील धर्मपरिषदेने नोंदवले की वरचे लोक खालच्यांसोबत खात-पीत नाहीत. जे डोळ्यांना दिसले त्याला त्यांनी आपल्या भाषेतले नाव दिले, एवढेच. आणि चोखोबा? जालन्याला लागून असलेल्या देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. त्यांचा मृत्यू १३३८ चा, वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर कोणत्या पोर्तुगीजाने ठेवले?

इंग्रज धुतल्या तांदळासारखे होते असे मी म्हणत नाही. १९०१ च्या जनगणनेत रिस्लेने जातींची उच्च-नीच उतरंड लावायला घेतली आणि वरच्या पायरीसाठी अर्जांचा पाऊस पडला. पण अर्ज करणारे इथलेच होते ना?

बाबासाहेब शब्दाच्या मुळाशी अडकले नाहीत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी थेट यंत्रणेवर बोट ठेवले: लग्न जातीतल्या जातीतच. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथांचा उगम त्यांनी तिथेच दाखवला.

ती यंत्रणा पाहायला कोलंबियाला जायची गरज नाही. स्थळांच्या जाहिराती काढा. वर 'कास्ट नो बार', आणि खाली कंसात: 'एससी, एसटी क्षमस्व'.