बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची एकच तारीख आपल्याकडे सांगितली जाते : २९ सप्टेंबर १८८३. त्या दिवशी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आणि दोन वर्षांच्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात उठलेले वादळ आणि पुढे शारदा सदनावरून झालेला वाद यांची चर्चा याच तारखेपासून सुरू होते. स्वतः रमाबाईंचा हिशेब मात्र वेगळा होता. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले : ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता.

हे समजून घ्यायचे, तर त्यांचा मूळ प्रश्न पाहावा लागतो. तो अधिकाराचा होता. संस्कृत ग्रंथ वाचताना त्यांना दिसले, की शास्त्रकारांचे आपसांत कितीही मतभेद असले, तरी स्त्रीला पुरुषासारखा मोक्ष नाही याबद्दल त्यांचे एकमत आहे. तिच्यासाठी उरते ती पतिभक्ती. ज्ञान हाती होते, पण अधिकार नव्हता.

वाँटेजला वेगळाच अडसर आला. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात अथानेशियसचा विश्वासांगीकार आहे. त्रैक्याचे मत जो अखंड मानणार नाही त्याचा सर्वनाश होईल, असे तो बजावतो. रमाबाईंना त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी शंका होत्या. भारतीय पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ साली सिस्टर जेराल्डीन यांना कळवले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे हवीत, हाही त्यांचा आग्रह होता. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. मला मात्र त्यात जुनाच प्रश्न दिसतो. आधी स्त्रीजन्म आड आला होता, आता अचूक मत आड येत होते. शिवाय रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकात दुष्काळाने गांजून, ख्रिस्ताचे नाव न घेता गेले होते. अशा माणसांचे अंतिम न्यायाच्या दिवशी काय व्हायचे, याचे त्या विश्वासांगीकारातले उत्तर कठोरच आहे.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या वाचनात विल्यम हॅसलम या इंग्लिश धर्मगुरूचे आत्मकथन आले. वर्षानुवर्षे उपदेश केलेल्या या माणसाला, आपले स्वतःचेच तारण झालेले नाही, हे व्यासपीठावर उभा असताना कळले होते. रमाबाईंना त्यात आपली स्थिती दिसली. माणूस कर्माने नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, ही पौलाची शिकवण सोळाव्या शतकात लूथरने पुढे आणली होती. रमाबाईंच्या हाती ती पडली तेव्हा तिला वेगळाच अर्थ आला. तारण ही देणगी असेल, तर ती घ्यायला जात, लिंग, विद्वत्ता यांपैकी कशाचाच अधिकार लागत नाही.

म्हणून सत्कर्म निरर्थक ठरले काय? मत्तयाच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायात न्यायाधीश विचारतो ते भुकेल्याला अन्न दिले का, एवढेच. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या व केडगावला वसवल्या. विश्वास आणि कर्म यांचा युरोपात शतकानुशतके चाललेला वाद तिथे रोजच्या भाकरीत मिटला होता.

अखेरच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. जुन्या तत्त्वज्ञानाचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांनी त्यात कटाक्षाने टाळले. केडगावच्या वस्तीला दिलेले नाव मात्र ‘मुक्ती’ हेच राहिले. शास्त्रांनी ज्या शब्दावरचा हक्क नाकारला होता, तो त्यांनी सोडला नाही.