उभयान्वयी अव्यये आणि एक खटला

इंग्रजी व्याकरणविचारात ‘अँड’, ‘इफ’, ‘दॅट’ यांसारखे छोटे शब्द दीर्घकाळ उपेक्षित राहिले. लॉकने १६९० मध्ये मनोव्यापारांचे निदर्शक म्हणून त्यांची दखल घेतली. परंतु जेम्स हॅरिसच्या ‘हर्मीज’ने (१७५१) उभयान्वयी अव्ययांना स्वतंत्र अर्थ नाकारला.

या मताला आव्हान मिळाले ते एका आरोपीकडून. अमेरिकेत राजाच्या सैन्याने मारलेल्या वसाहतवाल्यांच्या कुटुंबीयांसाठी निधीचे जाहीर आवाहन केल्याबद्दल जॉन हॉर्न (पुढे हॉर्न टूक) याच्यावर १७७७ मध्ये खटला चालला आणि त्याला कारावास झाला. त्याच्या प्रकरणातील युक्तिवादात एका जुन्या निवाड्याचा हवाला आला. ‘अमक्यावर आरोप ठेवला गेला आहे हे जाणून तिने तसे केले’ अशा घडणीच्या वाक्यात आरोप ठेवला गेल्याचे स्पष्ट विधान नाही, असा आक्षेप त्यात होता. १७७८ मध्ये डनिंगला लिहिलेल्या पत्रात टूकने उत्तर दिले: ‘दॅट’ हे येथेही दर्शक सर्वनामच आहे. वाक्य उलगडले की विधान उघड होते: ‘अमक्यावर आरोप ठेवला गेला आहे; ते जाणून तिने तसे केले.’

हाच विचार ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’मध्ये (१७८६) विस्तारला. तेथे टूकने ‘इफ’ची व्युत्पत्ती ‘दे’ या अर्थाच्या आज्ञार्थी क्रियापदापासून लावली. नंतरच्या भाषाशास्त्राने ती त्याज्य ठरवली. ‘दॅट’चे सर्वनाममूल मात्र मान्य झाले. व्युत्पत्तीलाच विद्यमान अर्थ मानणे ही टूकची चूक होय. तथापि, वाक्ये सांधणारा शब्द काय गृहीत धरायला लावतो, हा त्याचा प्रश्न त्या चुकीने बाद होत नाही.