सशर्त शाखांकन

सशर्त शाखांकन : अट खरी की खोटी यावरून प्रोग्रामची पुढची वाट ठरवणे, नेहमीच्या बोलण्यातले इफ-एल्स. सी, सी++, रस्ट अशा कंपाइल होणाऱ्या भाषांत वेग हवा तर अटी कमी करा, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. तुलना स्वस्तात होते. महाग पडतो तो चुकलेला अंदाज.

अटीचा निकाल लागण्याआधीच प्रोसेसर एका वाटेवरच्या सूचना कामाला लावतो. अंदाज फसला की ते काम टाकून द्यावे लागते आणि हल्लीच्या प्रोसेसरांत साधारण १५ ते २० सायकल वाया जातात. जेम्स स्मिथ यांच्या १९८१ च्या अभ्यासापासून परिचित झालेला, हा अंदाज बांधणारा दोन बिटांचा गणक थोडा हट्टी असतो : सवय पक्की झाली की एकदा उलटे घडल्याने मत बदलत नाही, लागोपाठ दोनदा घडले की बदलतो. येह आणि पॅट यांनी १९९१ मध्ये त्याला मागच्या शाखांच्या इतिहासाची जोड दिली.

समजा, किन्हवली परिसरातल्या भात खरेदीच्या लाखभर नोंदी आहेत आणि १७ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या पोत्यांच्याच वजनाची बेरीज हवी आहे. नोंदी विस्कळीत असतील तर अंदाज वारंवार चुकतो. ओलाव्यानुसार लावलेल्या असतील तर १७ च्या आसपासच काय तो अडखळतो. मात्र एकाच बेरजेसाठी नोंदी लावत बसणे म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. त्यापेक्षा तुलनेचा ० किंवा १ हा निकाल वजनाने गुणावा. उडीच उरत नाही. पेंटियम प्रोपासून (१९९५) इंटेलच्या प्रोसेसरांत सशर्त स्थानांतराची सूचनाही आहे. पण अंदाज एरवी बरोबर येत असेल तर ही युक्ती उलट संथ ठरू शकते. म्हणून आधी मोजावे.

जीसीसीमध्ये ‘ही अट बहुधा खरी’ असा इशारा देता येतो; कंपायलर ती शक्यता ९० टक्के धरतो आणि नेहमीची वाट सरळ रेषेत मांडतो. सी++२० मध्ये ही सोय भाषेतच आली. प्रोग्रामरच्या अंदाजापेक्षा प्रत्यक्ष चालवून गोळा केलेली प्रोफाइल अधिक भरवशाची. काही शाखा तर कंपायलर स्वतःच काढून टाकतो. त्यामागच्या डेटा-फ्लो विश्लेषणावर मुंबई आयआयटीचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २००९ मध्ये निघाला.

‘आणि’ने जोडलेल्या अटींत स्वस्त आणि बहुधा खोटी ठरणारी अट आधी लिहावी. पॉइंटर रिकामा नाही ना, ही तपासणी मात्र त्याच्या वापराआधीच राहिली पाहिजे. तिथे क्रम हलवता येत नाही.