तळटीप : ‘फेब्रुवारी उलटला की फेरेट पेटीत’

* घोडबंदर रोडवरच्या शिकारगप्पांत लेखकानं हा विलायती नियम बिनदिक्कत ठोकून दिला आहे. येऊरच्या रानाला तो लागू पडत नाही. फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा पाळीव प्राणी. बिळाच्या तोंडांना जाळी लावायची, फेरेट आत सोडायचा, की ससे जाळ्यात येतात. इंग्लंडात वसंताच्या तोंडावर हे थांबवतात, कारण तेव्हा बिळात डोळे न उघडलेली, बिनकेसांची पिल्लं असतात. फेरेट ती मारून खातो आणि तिथंच ताणून देतो. मग मालकाला कुदळ घेऊन जमीन खणत बसावं लागतं! (नियमामागं दयेपेक्षा ही कटकटच जास्त असावी.) आपला रानससा बीळ करतच नाही. गवत दबून झालेल्या खळग्यात तो अंग चोरून बसतो. पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात आणि वीण जवळपास बारमाही. त्याला धरायचे ते वाघुरीनं, म्हणजे जाळ्यानं. आपल्याकडे १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यानं सशासाठीही बंदीचा हंगाम ठरवण्याची मुभा सरकारला दिली होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवान्याची शिकारही संपली. येऊरचं जंगल तर आता राष्ट्रीय उद्यानातच येतं. — संपादक