रिओच्या बंदरांतील बाजारहाट

समुद्रपर्यटनाच्या इतिहासांतील नव्या भूमींच्या शोधाचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु वाटेंतल्या बंदरांत पाणी, मांस व भाजीपाला मिळविण्यासाठीं खलाशांना ज्या खेपा घालाव्या लागत, त्यांकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. वास्तविक शिडाच्या जहाजाचें पुढील सारें यश या खेपांवरच अवलंबून असे. जेम्स कुकच्या पहिल्या सफरींतील एक प्रसंग या दृष्टीनें आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो.

कुकचें ‘एंडेव्हर’ जहाज १३ नोव्हेंबर १७६८ रोजीं ब्राझीलमधील रिओ-द-जानेरो बंदरांत शिरलें. जहाजावर नव्वदांहून अधिक माणसें होतीं आणि केप हॉर्नला वळसा घालून ताहितीस जावयाचें होतें. ब्राझीलवर त्या वेळीं पोर्तुगालची सत्ता होती. तेथील व्हाइसरॉयानें सामान नाकारलें नाहीं, पण अटी घातल्या. खरेदी त्यानें नेमलेल्या माणसामार्फतच व्हावी, कुकच्या होडींत पोर्तुगीज शिपाई बसावा, आणि कामावांचून कोणींहि जमिनीवर पाऊल ठेवूं नये! कुकनें एकदां ‘शिपायास होडींत घेऊं नये’ असें बजावून एका अधिकाऱ्याबरोबर तक्रारअर्ज धाडला. तेव्हां होडी जप्त झाली व वल्हेकऱ्यांना रात्र तुरुंगांत काढावी लागली.

जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाची तर विलक्षण तडफड झाली. समोर अपरिचित झाडांनीं भरलेला किनारा, आणि उतरण्याची मात्र बंदी! अखेर एके दिवशीं पहाटेपूर्वींच तो गुपचूप किनाऱ्यावर गेला, दिवसभर हिंडला आणि तेथील शेतकऱ्यांकडून एक डुक्कर व एक बदक विकत घेऊन रात्रीं परतला. रिओस मिळविलेल्या नमुन्यांत आज आपल्या कुंपणांवर फुलणारी बोगनवेलहि होती.

आपण शुक्राचें अधिक्रमण पाहावयास निघालों आहों, असें कुकनें सांगितलें. पण ध्रुवतारा दक्षिण ध्रुवावरून जाणार, इतकेंच व्हाइसरॉयास उमगलें, असें कुकनें लिहून ठेविलें आहे. विद्यार्थिदशेंत हें वाचून आम्हीहि पोट धरून हंसलों होतों. आज हंसूं येत नाहीं. कारण कुकजवळ ३० जुलै १७६८ या तारखेच्या दुसऱ्या, गुप्त सूचनाहि होत्या. शुक्राचा वेध घेतल्यावर दक्षिणेकडील अज्ञात खंड शोधावें आणि रहिवाशांच्या संमतीनें सोयीच्या जागा इंग्लंडच्या राजाच्या नांवें ताब्यांत घ्याव्या, असें त्यांत होतें. पुढें २२ ऑगस्ट १७७० रोजीं कुकनें ऑस्ट्रेलियाचा सारा पूर्व किनारा राजाच्या नांवें घोषित केला. रहिवाशांस कोणीं विचारलें नाहीं. रिओस मुक्काम असतांनाहि तेथील किल्ल्यांचें वर्णन त्यानें बारकाईनें टिपून घेतलेंच होतें.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगाच केली नाहीं. वखारीपुरती जागा मागणारांनीं आपल्या देशांत पुढें काय केलें, हें वाचकांस सांगावयास नको. व्हाइसरॉय उद्धट असेल, ज्योतिषांत अडाणीहि असेल. पण पाहुण्यास पाणी द्यावें, घराच्या किल्ल्या देऊं नयेत, एवढें त्यास कळत होतें.

मात्र त्या रात्रीं कोठडींत पडलेल्या वल्हेकऱ्यांचा यांत काय अपराध? ते बिचारे साहेबाचा कागद पोंचवावयास गेले होते.